जुन्या यंत्राची सेहत

मी भाषेचा मास्तर. उर्दू शिकवतो आणि मराठीही शिकवतो, बी.एड.लाही हेच दोन विषय होते. त्यामुळे घरी येणारा पाहुणा बैठकीच्या कोपऱ्यातलं टेबल पाहून जरा थबकतो. सोल्डरिंग आयर्न, दोन-तीन मीटर, तारांची गुंतवळ, औषधाच्या डब्यांत भरलेले रेझिस्टर. "सर, तुम्ही सायन्सचे का?" नाही, भाषेचा. मग तो विषय बदलतो. माणसाला एखादं खूळ असायचंच, असं मनात म्हणत असावा.

पण या खुळात भाषा मला पदोपदी भेटते. उर्दूत 'सेहत' म्हणजे तब्येत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे अचूकपणा, बरोबर असणं. पुस्तकाच्या शेवटी छपाईच्या चुका दुरुस्त करणारा कागद जोडतात त्याला मराठीत शुद्धिपत्र म्हणतात, उर्दूत सेहतनामा. मोजमापाच्या यंत्राच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. यंत्र जिवंत आहे का, हा एक प्रश्न. ते खरं बोलतं का, हा दुसरा. जुनं यंत्र विकणारा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण दुसऱ्याचं मिळालं असं समजून पैसे मोजतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी असंच एक यंत्र पाहायला सुरतेला गेलो होतो, त्याची ही हकिकत.

यंत्राचं नाव प्रोग्रॅमेबल व्होल्टेज सोर्स. नाव लांबलचक आहे, काम साधं आहे. बटणांवर किंवा संगणकावरून आकडा सांगायचा आणि त्याने नेमका तेवढाच व्होल्टेज द्यायचा. ४.२००० सांगितलं तर ४.२०००. साधा पॉवर सप्लाय आणि हे यंत्र यांत फरक आहे तो धान्याच्या काट्यात आणि सोनाराच्या काट्यात असतो तसा. पॉवर सप्लाय भरपूर करंट देतो आणि व्होल्टेज साधारण सांभाळतो. हे यंत्र करंट अगदी थोडा देतं, पण व्होल्टेजच्या बाबतीत शब्दाला पक्कं असतं. उदाहरण द्यायचं तर योकोगावा या जपानी कंपनीचं ७६५१ नावाचं मॉडेल जुन्या बाजारात बऱ्याचदा दिसतं. १० मिलिव्होल्टपासून ३० व्होल्टपर्यंत त्याच्या पाच रेंज आहेत आणि १० व्होल्टच्या रेंजवर ते १०० मायक्रोव्होल्टच्या पायरीने चढतं-उतरतं. कीथली, फ्लूक अशा अमेरिकन कंपन्यांचीही जुनी यंत्रं फिरत असतात. नवीन घ्यायचं म्हटलं तर किंमत लाखांत जाते, म्हणजे मास्तराने तो विचारच करू नये. मी पाहिलेलं यंत्र कोणत्या कंपनीचं होतं ते इथे लिहीत नाही. इतकी वर्षं कुठल्या तरी प्रयोगशाळेत राबलेल्या वस्तूत काही बिघडलं असेल तर त्याचा बोल बनवणाऱ्याला लावण्यात अर्थ नाही.

खांडबाऱ्यात बसून असलं यंत्र कशाला हवं, हा प्रश्न बेगमनेही विचारला, आणि तो रास्त होता, कारण पैसे तिच्या भिशीचे होते.

आमच्या नवापूर तालुक्यात पाड्यांवर सोलरचे दिवे बरेच आहेत. छपरावर एक पॅनल, आत एक १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी, मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची डबी. आयटीआय झालेली दोन-चार मुलं ही दुरुस्ती करतात. त्यांतली काही माझ्या हाताखालून गेलेली, म्हणून अडलं की माझ्याकडे येतात. स्थानिक बनावटीच्या कंट्रोलरमध्ये एक छोटा प्रीसेट असतो. स्क्रू-ड्रायव्हरने तो फिरवून बॅटरी किती व्होल्टपर्यंत चार्ज होऊ द्यायची ते ठरवायचं. साधारण १४.४ व्होल्ट. त्याच्या वर गेलं की बॅटरीतलं पाणी उकळून उडतं. फार खाली राहिलं तर बॅटरी कधीच पुरती भरत नाही, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि ती हळूहळू बसते. हा सगळा खेळ अर्ध्या व्होल्टच्या आतला आहे. मोबाइलच्या लिथियम सेलचं गणित तर आणखी बारीक आहे. तिथे ४.२० व्होल्टला थांबायचं आणि चूक फार तर ०.०५ व्होल्टची चालते.

आणि मुलांच्या हातात मीटर कोणता? तोच पिवळा, काळा, तीनशे-चारशे रुपयांचा. त्या मीटरला मी नावं ठेवत नाही. त्या पैशांत ही चीज मिळते हेच नवल आहे. त्याच्या कागदावर डीसी व्होल्टसाठी साधारण अर्धा टक्का अधिक दोन अंक इतकी चूक कबूल केलेली असते. २० व्होल्टच्या रेंजवर १४.४० मोजताना अर्धा टक्का म्हणजे ०.०७२ आणि दोन अंकांचे ०.०२. म्हणजे नवाकोरा मीटरसुद्धा १४.३१ दाखवो की १४.४९, तो आपल्या वचनात आहे. जुना झाला, चार वेळा पडला, आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली, की मग वचन संपलं. या मीटरांची एक खोड फार वाईट आहे. बॅटरी उतरली की ते बंद पडत नाहीत, जास्त आकडा दाखवायला लागतात. माणूस थकला की निदान आवाज तरी बारीक होतो, इथे उलट आहे.

तेव्हा मला हवं होतं असं काही, ज्याच्यासमोर गावातले सगळे मीटर ओळीने उभे करता येतील. दहा व्होल्ट, पाच व्होल्ट असे ठरावीक दोन-चार आकडे देणारी छोटी रेफरन्स मॉड्यूल काही शे रुपयांत मिळतात, तसं एक माझ्याकडे होतंच. पण मला १४.४ हवे होते, १३.८ हवे होते, ११.१ हवे होते. शिवाय कंट्रोलरला बॅटरीच्या जागी हे यंत्र जोडून व्होल्टेज हळूहळू खाली आणायचं आणि कितव्या आकड्याला आतला रिले 'टक' करून दिवा तोडतो ते पाहायचं, हे काम मॉड्यूलने होत नाही.

सुरतेतले एक व्यापारी लिलावातून प्रयोगशाळांचं सामान उचलतात हे मला एका ओळखीच्या माणसाकडून कळलं होतं. आमच्या भुसावळ-सुरत मार्गाचं हे एक सुख आहे. खांडबाऱ्याला पॅसेंजरमध्ये बसलं की नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत उधना येतं. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे हे आता सगळ्या देशाला माहीत झालंय, पण दिवाळीनंतर त्या गाडीत खच्चून भरलेली माणसं कुठे चालली आहेत ते कमी लोकांना माहीत असेल. ऊसतोडणीला. पातेली, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार घेऊन. माझ्या मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी होती आणि त्या डब्यात चपाती नव्हती. रेफरन्स मॉड्यूल, ९ व्होल्टच्या चार नव्या बॅटऱ्या, माझा साडेचार अंकी मीटर, तांब्याच्या तारा, १०० ओहमचा एक जाड रेझिस्टर आणि एक होल्डर-बल्ब.

बल्ब कशाला, ते सांगतो, कारण जुनं यंत्र घ्यायला जाणाऱ्याने दुसरं काही नेलं नाही तरी हे न्यावं. आपल्याकडचे जुने वायरमन याला सिरीज बोर्ड म्हणतात. यंत्राच्या वाटेत साधा तारेचा बल्ब एकामागे एक जोडायचा आणि मग वीज सोडायची. यंत्रात आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. त्याआधी मागची पट्टी वाचायची. जपानातून थेट आलेल्या वस्तूवर १०० व्होल्टची खूण असू शकते, आणि तिला आपले २३० व्होल्ट दिले तर बाकीची परीक्षा घ्यायची गरजच उरत नाही. या यंत्राची पट्टी २२० ला होती. फ्यूज मूळचा होता, तार गुंडाळून केलेला जुगाड नव्हता. ही चांगली खूण. पेटीच्या एका स्क्रूवर कॅलिब्रेशनचं सील होतं, कोपरा फाटलेला पण अखंड. हीसुद्धा चांगली खूण, कारण आतले प्रीसेट कुणी हौशी हाताने फिरवले असतील तर ते यंत्र घरी नेऊन आपण फक्त मांडून ठेवू शकतो.

व्यापारी साठीचे, बोलायला मोकळे. म्हणाले, "मास्टरजी, ऐब बताके बेचता हूँ. डिब्बा चालू होता है, पंखा आवाज करता है. बाकी मुझे कुछ नहीं मालूम." मला हे वाक्य आवडलं. जुन्या बाजारात 'एकदम ओके' म्हणणाऱ्यापेक्षा 'मला माहीत नाही' म्हणणारा केव्हाही बरा. किंमत त्यांनी १८ हजार सांगितली. मी म्हटलं, आधी तासभर चालू ठेवू द्या. त्यांनी चहा मागवला.

तास लागतोच. या यंत्राच्या पोटात एक झेनर रेफरन्स असतो. त्याचा व्होल्टेज हा सगळ्या यंत्राचा पाया. चांगल्या रेफरन्सच्या आत छोटा हीटर असतो, जो त्याला कायम एकाच तापमानावर ठेवतो. एलएम३९९ नावाची प्रसिद्ध चिप ९० डिग्रीच्या आसपास तापून बसते, बाहेर थंडी असो की उन्हाळा. सगळ्या पेटीचं तापमान स्थिरावेपर्यंत आकडे सरकत राहतात. आणि इथे जुन्या वस्तूचा एक फायदा आहे, जो मला फार गोड वाटतो. झेनर नवा असताना त्याचा व्होल्टेज दर महिन्याला किंचित सरकतो. वर्षं जातात तसं हे सरकणं कमी कमी होत जातं. कपॅसिटर म्हातारपणी फुगतात, पंखे खरखरतात, बटणं बधिर होतात, पण झेनर वयाबरोबर शहाणा होतो. जुनी यंत्रं शोधणारे लोक खरं तर हाच म्हातारा झेनर शोधत असतात.

तासाभराने मी सुरुवात शून्यापासून केली. शून्य सांगितल्यावर यंत्र शून्य देतं का? इथे मायक्रोव्होल्टच्या पातळीवर गंमती होतात. दोन वेगळे धातू जोडले आणि सांध्याचं तापमान वेगळं असलं की तिथे आपोआप थोडा व्होल्टेज तयार होतो. स्वच्छ तांब्याला तांबं लावलं तर तो डिग्रीमागे ०.२ मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी. तेच तांबं काळं पडलं असेल, वर ऑक्साइड चढलं असेल, तर डिग्रीमागे हजार मायक्रोव्होल्टच्या घरात. म्हणून तारा घासून नेल्या होत्या, आणि टर्मिनलला बोट लावल्यावर मिनिटभर थांबून आकडा वाचायचा. शून्य ठीक निघालं.

आता मुख्य परीक्षा. माझा मीटर ०.०५ टक्क्यांचा. यंत्र त्याच्यापेक्षा चांगलं असल्याचा दावा. मग मापणारा कच्चा आणि मापायची वस्तू पक्की, असं असताना परीक्षा घ्यायची कशी? बारावीच्या फिजिक्समध्ये पोटेन्शिओमीटर शिकलेल्यांना हे आठवेल. दहा व्होल्ट मोजायचेच नाहीत. एका बाजूला रेफरन्सचे दहा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला यंत्राचे दहा व्होल्ट, दोघांचे निगेटिव्ह एकत्र बांधायचे आणि दोन पॉझिटिव्हच्या मध्ये मीटर ठेवायचा. मीटरला फक्त दोघांतला फरक दिसतो, एक-दोन मिलिव्होल्टचा. त्या दोन मिलिव्होल्टमध्ये मीटरने अर्धा टक्का चूक केली तरी ती १० मायक्रोव्होल्ट. हा तराजूचा न्याय आहे. ताणकाटा स्प्रिंगवर विसंबतो, तराजू फक्त दोन पारड्यांची बरोबरी पाहतो.

तराजूवाल्यांचा एक शब्दही इथे जसाच्या तसा लागू पडतो, पासंग. दोन पारडी मुळात सारखी नसली तर हलक्या बाजूला एक बारीक वजन बांधतात, तो पासंग. दुकानदार लबाड आहे का हे बघायला जुने लोक पारडी बदलून पुन्हा तोलायला लावत. मीटरलाही तेच करायचं. तारा उलट करून पुन्हा वाचायचं. सरळ जोडणीत –१.८७ मिलिव्होल्ट आले, उलट जोडणीत +१.७५. म्हणजे खरा फरक मधला, १.८१, आणि उरलेला ०.०६ हा मीटरचा आणि तारांचा पासंग.

माझं मॉड्यूल १०.०००० चं नाही, १०.००१२ चं आहे. हा आकडा आला कुठून? माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. त्याने ते तिथल्या साडेसहा अंकी मीटरवर मोजून आणलं होतं. तो मीटर कुठल्या तरी मान्यताप्राप्त लॅबकडून तपासून आलेला, ती लॅब तिच्या वरच्या लॅबकडून, आणि ही साखळी वर चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मराठीत गावठाणातल्या जागेची सनद असते, उर्दूत शिक्षणाची सनद असते. व्होल्टचीही सनद असते, आणि सनदेत प्रत्येक कडीचं नाव लागतं. एकेकाळी या साखळीच्या टोकाला एक रासायनिक सेल होता. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ साली बनवलेला कॅडमियम-पाऱ्याचा सेल, २० डिग्रीला सुमारे १.०१८ व्होल्ट देणारा, जरा हलवला तरी रुसणारा. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली एक भाकीत केलं. दोन अतिवाहकांमध्ये पातळ पडदा ठेवला तर व्होल्टेज आणि वारंवारता यांचं नातं फक्त निसर्गाच्या स्थिरांकांनी ठरतं. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं, १९९० पासून जगभर व्होल्ट त्या पद्धतीने सांभाळला जाऊ लागला आणि २० मे २०१९ पासून ते स्थिरांकच कायमचे ठरवून टाकले गेले. आता व्होल्ट कुठल्या बाटलीत ठेवलेला नाही.

माझ्या डब्यातली सनद मात्र शेवटच्या कडीला कच्ची होती, आणि हे हिशेबात धरावं लागतं. कॉलेजात मोजलं तेव्हा खोली २५ डिग्रीची होती. सुरतेचं गोदाम नोव्हेंबरातही ३० चं. स्वस्त मॉड्यूलमधल्या चिपला डिग्रीमागे ३० पीपीएमपर्यंत सूट असते. पाच डिग्रीला १५० पीपीएम, म्हणजे दहा व्होल्टमध्ये दीड मिलिव्होल्ट. वजाबाकी केली तर यंत्र ९.९९९४ देत होतं, पण ०.६ मिलिव्होल्ट कमी आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतो. दोन-अडीच मिलिव्होल्टच्या आत आहे, एवढं म्हणू शकत होतो. दहा हजारांत दोन-अडीच. अर्ध्या टक्क्याचे मीटर तपासायला हे वीसपट चांगलं झालं, आणि तपासणारा तपासायच्या वस्तूपेक्षा निदान चौपट चांगला असावा असा धंद्यातला जुना दंडक आहे. हौशी लोकांत एकेका पीपीएमवरून फुशारकी चालते. ज्याच्या घरात मेमध्ये ४२ डिग्री असतात आणि एसी नसतो, त्याने त्या शर्यतीत पडू नये. यंत्राच्या कागदावरची अचूकता बहुतेक २३ डिग्रीला, पाच इकडे-तिकडे, अशी लिहिलेली असते. तसं तापमान आमच्याकडे हिवाळ्यातल्या दुपारी मिळतं, नाहीतर रात्री.

मग भार. दहा व्होल्टला १०० ओहमचा रेझिस्टर जोडला की १०० मिलिअॅम्पियर वाहतात. टर्मिनलवर आकडा हलला नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला ९ मिलिव्होल्ट कमी दिसले, पण तो यंत्राचा दोष नाही, तारेचा रेझिस्टन्स आहे. त्यासाठीच अशा यंत्रांना सेन्सच्या दोन जादा तारा असतात, त्या भारापाशी नेऊन जोडल्या की यंत्र तारेतली तूट स्वतःच भरून काढतं. जोडल्या, भरून निघाली. आवाजाची परीक्षा मी कानाने घेतो. एक छोटा कपॅसिटर मध्ये घालून आउटपुट खिशातल्या अॅम्प्लिफायरला द्यायचं आणि इअरफोन लावायचा. आतले मोठे कपॅसिटर सुकले असतील तर १०० हर्ट्झची जाड गुणगुण ऐकू येते. इथे फक्त बारीक सळसळ होती. व्यापाऱ्यांनीही इअरफोन लावून पाहिला आणि म्हणाले, "इसमें तो कुछ बजता ही नहीं." तेच तर हवं होतं.

खरा ऐब ३० व्होल्टच्या रेंजवर सापडला. १४.४०० सांगितलं, मीटरने १४.४० दाखवलं. छान. पण एकदा वाचून थांबायचं नसतं. रेंज १० वर न्यायची, परत ३० वर आणायची, असं दहा वेळा. आठ वेळा १४.४०. दोन वेळा १३.९ च्या आसपास, आणि पेटीवर टिचकी मारली की आकडा उडी मारायचा. रिलेचा 'टक' आवाज प्रत्येक वेळी येत होता, म्हणजे कॉइल ठीक, संपर्काची टोकं काजळलेली. बंद पडलेलं यंत्र परवडतं, ते निदान फसवत नाही. दहात दोनदा खोटं बोलणारं यंत्र सगळ्यात वाईट. आणि मला १४.४ हवे होते ते याच रेंजवर.

मी ते व्यापाऱ्यांना दाखवलं, त्यांच्याच हाताने टिचकी मारायला लावली. त्यांनी दोनदा मारून पाहिली, मान हलवली. घ्यायचं की सोडायचं, याचा हिशेब मनात मांडला. जमेच्या बाजूला झेनर, शून्य, भार, सील. खर्चाच्या बाजूला एक रिले, जो बाजारात मिळतो, आणि आत एक लिथियम सेल, जो मी झाकण उघडल्याशिवाय पाहू शकत नव्हतो. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीच्या आधाराने मेमरीत तगून असतात. सेल मेला किंवा अजाणतेपणी काढला की आकडे जातात आणि यंत्राला कॅलिब्रेशनसाठी पाठवण्याचा खर्च त्याच्या किमतीइतका होऊ शकतो. मी तसं सांगितलं. झाकण उघडू द्यायला ते तयार झाले, सील मात्र त्यांनी स्वतः फाडलं. सेलवर ३.०२ व्होल्ट होते. ११,५०० ला सौदा झाला, आणि त्यांनी वर एक जाड पॉवर कॉर्ड दिली.

रिले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला. तो बसवणं हे सांगण्यासारखं काम नाही, दोन संध्याकाळी गेल्या. नंतर पन्नास वेळा रेंज बदलून पाहिली. १० आणि ३० या दोन्ही रेंजवर दहा व्होल्ट मागितले तर दोघांत एक मिलिव्होल्टचा फरक निघतो, म्हणजे जिथे ३० च्या रेंजची पायरीच संपते तिथे. प्रोग्रॅम करण्यासाठी जुन्या यंत्रांना जीपीआयबी नावाचं चोवीस पिनांचं सॉकेट असतं. त्याचं महागडं कार्ड न घेता आर्डुइनोवर मोफत प्रोग्रॅम टाकून काम भागतं. सध्या माझा लॅपटॉप रात्री झोपण्याआधी यंत्राला दोनशे आकड्यांची यादी देतो आणि सकाळी उत्तरं तयार असतात.

जानेवारीत मी मुलांना निरोप दिला की आपापले मीटर घेऊन या. अकरा मीटर जमले. यंत्रावर १४.४०० लावून एकेक मीटर जोडत गेलो आणि प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने फरक लिहिला, शुद्धिपत्रासारखा. सात जण १४.३ ते १४.५ च्या आत. दोन १४.५ च्या थोडे वर, एक १४.२२. अकराव्या मीटरने १५.१ दाखवले. आतली ९ व्होल्टची बॅटरी बदलली, १४.४३ झाले.

तो मीटर ज्याचा होता त्या मुलाने लगेच कागद मागितला. हा मीटर १४.४ दाखवतो तेव्हा खरे किती? मी १४.४ ला १४.४ ने गुणून १५.१ ने भागून दाखवलं. १३.७ च्या जरा वर. एवढ्यावर भरलेली बॅटरी फक्त टिकवून धरता येते, रिकामी भरायला दिवस पुरत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, सर, पावसाळ्यात मी याच मीटरने तीन घरांचे कंट्रोलर लावलेत. तिन्ही घरांतून तक्रार आली की रात्री आठला दिवे जातात. तिघांनाही मी सांगितलं, बॅटरी गेली, नवीन घ्या.

कुणी घेतली का, मी विचारलं. अजून नाही, पैसे तोडणीवरून आल्यावर घेणार होते.

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर प्रीसेट फिरवायला गेला. यंत्र पाड्यावर नेता येत नाही, म्हणून माझा साडेचार अंकी मीटर दिला. पहिल्या घरची बॅटरी आठवड्याभरात उठली, आता दिवे साडेदहापर्यंत चालतात. दुसऱ्या घरची उठली नाही. तिच्या दोन सेलांत सल्फेट बसलंय, मी घरी आणून हळू चार्ज करून पाहतोय, पण फारशी आशा नाही. त्या बॅटरीचे अर्धे पैसे आपण द्यायचे असं मुलाने ठरवलंय आणि त्याचा बाप त्यावर नाराज आहे. तिसऱ्या घराला कुलूप आहे. ती माणसं बारडोलीकडे तोडणीला गेली आहेत, उन्हाळ्याआधी परतणार नाहीत.